बेअरिंग उघडून पाहिलं का?

कंडिशन मॉनिटरिंगमधल्या संशोधनासाठी दिल्या जाणाऱ्या एका पुरस्काराचे अर्ज गेल्या वर्षी माझ्याकडे वाचायला आले होते. परीक्षक मंडळात बाकी सगळी प्राध्यापक मंडळी होती, आणि प्रत्यक्ष कारखान्यात काम करणारं कुणीतरी हवं म्हणून मला बोलावलं होतं. अर्ज मेहनतीने भरलेले होते, आलेख सुबक होते, आणि जवळजवळ प्रत्येकात एकच दावा होता: आमची पद्धत बेअरिंगमधला बिघाड ९९ टक्क्यांहून जास्त अचूकतेने ओळखते. मी प्रत्येक अर्जाच्या समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहीत गेले. बेअरिंग उघडून पाहिलं का? बहुतेक अर्जांत त्याचं उत्तर सापडलं नाही, कारण उघडायला बेअरिंगच नव्हतं. संशोधकांनी सगळं काम केलं होतं ते इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या आकड्यांवर.

मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत आणि फाउंड्र्यांत व्हायब्रेशन मोजायचं काम करते. चालू मशीनच्या बेअरिंग हाऊसिंगवर चुंबकाने सेन्सर बसवायचा, रीडिंग घ्यायचं आणि मशीन न थांबवता, न उघडता आत काय बिघडतंय ते सांगायचं. कंपनाबरोबर तापमान, तेलात उतरलेले धातूचे कण, मोटरचा करंट हेही पाहिलं जातं. या सगळ्याला मिळून कंडिशन मॉनिटरिंग म्हणतात. यातलं मूळ गणित अवघड नाही. छोट्या मोटरमध्ये आणि पंपात सर्रास सापडणारं ६२०५ नंबरचं बेअरिंग घ्या. त्यात नऊ बॉल असतात. शाफ्ट सेकंदाला २५ फेरे घेत असेल आणि बाहेरच्या रिंगेवर खड्डा पडला, तर बॉल त्यावरून जाताना सेकंदाला साधारण ९० ठोके बसतात. खड्डा आतल्या रिंगेवर असेल तर साधारण १३५. कंपनात हे ठोके शोधले की नुसतं बेअरिंग गेलं एवढंच कळत नाही, कोणती रिंग गेली तेही कळतं. खरी अडचण असते ती हे बारीक ठोके बाकीच्या गोंगाटातून वेगळे काढण्याची. त्यासाठी जगभर पन्नासेक वर्षं उत्तम संशोधन झालंय आणि माझी रोजची भाकरी त्याच संशोधनावर आहे. म्हणूनच त्याला मिळणाऱ्या पुरस्कारांबद्दल मला बोलायचंय.

त्या अर्जांमधले आकडे कुठले होते ते आधी सांगते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात क्लीव्हलँडला केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ आहे. तिथे दोन अश्वशक्तीच्या एका मोटरवर प्रयोग झाले. बेअरिंगमध्ये विजेच्या ठिणगीने मुद्दाम बारीक खड्डे पाडले, सगळ्यात लहान खड्डा ०.१८ मिलिमीटर व्यासाचा. मग बेअरिंग परत बसवून, मोटर चालवून कंपनं नोंदवली. विद्यापीठाने या नोंदी सगळ्यांसाठी फुकट खुल्या केल्या. हा त्यांचा मोठेपणा, आणि त्याबद्दल या क्षेत्रातल्या प्रत्येकाने त्यांचे आभार मानायला हवेत. पण झालं असं की जगभरच्या संशोधकांनी याच नोंदींवर आपापल्या पद्धती तपासायला सुरुवात केली आणि तीच या विषयाची सार्वत्रिक परीक्षा होऊन बसली. २०१५ मध्ये सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले वेड स्मिथ आणि रॉबर्ट रँडल यांनी त्यातली एकेक नोंद जुन्या, सिद्ध झालेल्या पद्धतींनी तपासली. काही नोंदींत बिघाड इतका ठळक निघाला की साधी पद्धतही तो सहज ओळखते. काहींत कुठल्याच सिद्ध पद्धतीला काही सापडेना. काहींत तर खड्ड्यापेक्षा जोडणीतल्या ढिलेपणाच्याच खुणा जास्त दिसत होत्या. मग अशा सगळ्या नोंदींवर ९९ टक्के गुण मिळवणारी पद्धत नेमकं काय ओळखते?

त्याचं उत्तर या क्षेत्रातल्याच लोकांनी दिलेलं आहे. एका बेअरिंगची काही सेकंदांची नोंद घ्यायची, तिचे हजारो तुकडे करायचे, त्यातले काही संगणकाला शिकवायला वापरायचे आणि उरलेल्यांवर त्याची परीक्षा घ्यायची. म्हणजे सराव परीक्षेत सोडवून घेतलेलाच पेपर वार्षिक परीक्षेला देण्यासारखं झालं. संगणक त्या एका बेअरिंगची, त्या एका मोटरची, त्या एका जोडणीची ओळख पाठ करतो. दुसऱ्या कारखान्यातलं दुसरं बेअरिंग पुढे आलं की तो गडबडतो. शिकवायला एक बेअरिंग आणि परीक्षेला पूर्णपणे वेगळं बेअरिंग, असा साधा नियम लावला की ते ९९ टक्के झपाट्याने खाली येतात. ही गोष्ट आता छापून आलेली आहे, माहीत नाही असं कुणी म्हणू शकत नाही.

बरं, ९९ टक्के खरे धरले तरी कारखान्यात त्यांचा अर्थ काय होतो तो हिशेब करून पाहा. एका कारखान्यात २०० बेअरिंगवर सेन्सर आहेत आणि यंत्रणा दिवसातून एकदा प्रत्येकाबद्दल निर्णय देते. चांगल्या बेअरिंगबाबत शंभरात एकदा ती चुकत असेल, तर रोज दोन खोटे इशारे. दीडशे दिवसांच्या गळीत हंगामात तीनशे. तेवढ्या काळात खरोखर जाणारी बेअरिंगं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. तीनशे वेळा धावून गेल्यावर आणि तीनशे वेळा काही न सापडल्यावर शिफ्ट इंजिनिअर काय करेल? तो अलार्म बंद करून टाकेल. मी असे बंद केलेले अलार्म पाहिले आहेत आणि ते बंद करणाऱ्यांना मी दोष देत नाही. पुरस्काराच्या अर्जात मात्र खोट्या इशाऱ्यांचा रकानाच नसतो.

याच्या उलट बाजूला काय आहे ते सांगते. आमच्या भागातल्या एका कारखान्यात बॉयलरच्या आयडी फॅनवर एक फोरमन आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. बॉयलरमधला धूर ओढून चिमणीत सोडणारा हा पंखा थांबला की बॉयलर थांबतो, बॉयलर थांबला की टर्बाईन, आणि मग गव्हाणीत पडलेला ऊस वाळत राहतो. एका फेरीला त्या फॅनच्या बेअरिंगवरचं एकूण व्हायब्रेशन सेकंदाला ३.१ मिलिमीटर होतं, म्हणजे चालू ठेवायला हरकत नाही असं. पण कंपनाच्या बारीक विश्लेषणात बाहेरच्या रिंगेचे ठोके उमटलेले होते. मी काही बोलायच्या आत तात्या म्हणाले, “मॅडम, परवापास्नं ह्येचा सूर बदललाय. येत्या क्लीनिंगला उघडूया.” जनरल क्लीनिंगसाठी कारखाना थांबला तेव्हा प्लमर ब्लॉकचं वरचं झाकण उचललं. ग्रीस काळं पडून घट्ट झालं होतं आणि त्यात बगॅसचा बारीक भुसा होता. बेअरिंग काढून रॉकेलने धुतलं. बाहेरच्या रिंगेवर, जिथे सगळा भार येतो तिथे, बोटाच्या नखाएवढा पापुद्रा उडालेला होता. तात्यांनी त्याभोवती मार्करने गोल केला आणि खिशातली वही काढली.

त्या वहीचं मला फार मोल वाटतं. लाल कापडी बांधणीची हिशेबाची वही आहे. एका ओळीत तारीख, मशीन, बेअरिंगचा नंबर आणि कंपनी, ते कधी बसवलं होतं, आधी काय रीडिंग होतं, उघडल्यावर काय दिसलं, ग्रीस कसं होतं. जिथे सेन्सरने ओरड केली पण बेअरिंग चांगलं निघालं, तिथे ‘काही नाही’ असं लिहिलेलं आहे. जिथे सेन्सर गप्प होता आणि बेअरिंग अचानक जॅम झालं, तिथे खाली दोन रेघा. महिनोन्महिने उभ्या असलेल्या स्टँडबाय पंपाचं बेअरिंग शेजारच्या चालू पंपाच्या थरथरीने जागच्या जागी खराब होतं, आणि पंप सुरू केल्याच्या पहिल्याच दिवशी ओरडायला लागतं, हेही त्यात आहे. क्लीव्हलँडच्या नोंदींत यातलं काहीच नाही. तिथे भुसा नव्हता, पाणी शिरलं नव्हतं, अलाइनमेंट बिघडलं नव्हतं, शेजारी मिलचे रोलर फिरत नव्हते. खड्डा ठिणगीने पाडलेला होता, कडा कापल्यासारख्या. खऱ्या बेअरिंगमध्ये धातू थकून पापुद्रा सुटतो आणि रोज थोडा थोडा पसरत जातो.

तात्या निवृत्त होतील तेव्हा ती वही त्यांच्यासोबत घरी जाईल. काढलेली बेअरिंगं तर दर वर्षी भंगारात जातात, किलोच्या भावाने. आणि आमच्याच भागातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं, ज्यांच्या वसतिगृहातून कारखान्याची चिमणी दिसते, ती शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी ओहायोतले आकडे उतरवून घेतात. मुलांची यात काही चूक नाही. त्यांना गेटच्या आत कुणी घेत नाही, आणि घेतलं तरी पेपर छापून यायचा तर तो सगळ्यांना माहीत असलेल्या आकड्यांवरच असावा लागतो.

पुरस्कारांचा प्रश्न इथे येतो. नवं तरुण डोकं कुठल्या दिशेला जाईल, हे पुष्कळदा पुरस्कार कशाला मिळतो यावर ठरतं. ब्रिटिश इन्स्टिट्यूट ऑफ नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग ही नॉर्दॅम्प्टनची व्यावसायिक संस्था या क्षेत्रासाठी ‘कोमॅडिट प्राइझ’ देते. संशोधन आणि विकासातून उद्योगाला किंवा समाजाला लाभ व्हावा, ही त्यामागची कल्पना आहे. मला ती मनापासून पटते. फक्त हा लाभ मोजायचा कसा, हे आपल्याकडच्या परीक्षक मंडळांनी नीट ठरवलेलं नाही. पेपर किती, ते कुठे छापले, त्यांचे संदर्भ किती जणांनी दिले, हे मोजायला सोपं असतं, म्हणून तेच मोजलं जातं.

या क्षेत्राची एक अडचण मी समजू शकते. पूल बांधला तर तो दिसतो. इथे सगळ्यात मोठं यश म्हणजे न झालेला बिघाड, आणि न झालेल्या बिघाडाचा फोटो छापून येत नाही. म्हणूनच तर इथे व्यावसायिक पुरस्कारांची गरज इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे. पण त्यासाठी हिशेब आधी मांडावा लागतो. तो कसा मांडतात याचं चांगलं उदाहरण ब्रिटनमध्येच आहे. घर्षण, झीज आणि वंगण यांकडे दुर्लक्ष केल्याने देशाचं किती नुकसान होतं याचा अहवाल पीटर जोस्ट यांच्या समितीने १९६६ मध्ये दिला. वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाचू शकतात, असा आकडा त्यात होता. ट्रायबॉलॉजी या विद्याशाखेला ते नावही त्याच अहवालाने दिलं, आणि १९७२ पासून ट्रायबॉलॉजी गोल्ड मेडल दिलं जाऊ लागलं. पहिलं मिळालं केंब्रिजच्या डेव्हिड टेबर यांना. नुकसानीचा हिशेब आधी झाला, पदक मागून आलं.

मशीन राखण्याच्या शास्त्राचा इतिहास पाहिला तर त्यातली मोठी पावलं नोंदी ठेवणाऱ्यांनीच टाकलेली दिसतात. किती कंपन चालेल आणि किती धोक्याचं, याचा पहिला गाजलेला तक्ता १९३९ मध्ये टी. सी. रॅथबोन यांनी प्रसिद्ध केला. ते अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचे इंजिनिअर होते. फुटलेल्या मशीनची भरपाई द्यावी लागणाऱ्या कंपनीकडे फुटलेल्या मशीनची नोंद असणारच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये कॉनरॅड वॉडिंग्टन या मूळच्या जीवशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानांच्या दुरुस्तीच्या नोंदी मांडून पाहिल्या. ठरावीक तासांनी होणाऱ्या तपासणीनंतर बिघाड कमी व्हायला हवे होते, प्रत्यक्षात तपासणीनंतर लगेचच ते वाढलेले दिसले. चांगल्या चालणाऱ्या विमानाला उगाच हात लावल्याने नवे दोष शिरत होते. आमच्या वर्कशॉपमध्ये ‘चालू मशीनला हात लावू नको’ म्हणतात, तेच त्यांनी आकड्यांत सिद्ध केलं. युद्धामुळे हे काम गुप्त राहिलं आणि पुस्तकरूपाने १९७३ मध्ये बाहेर आलं. पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी विमानाच्या भागांच्या बिघाडाचे सहा नमुने मांडले. त्यांतल्या ८९ टक्के भागांच्या बिघाडाचा वयाशी सरळ संबंध नव्हता. म्हणजे ‘इतके तास झाले, बदलून टाका’ हा नियम बहुतेक ठिकाणी निरुपयोगी. भाग चालू असताना त्याची स्थिती पाहत राहा, हा कंडिशन मॉनिटरिंगचा सगळा आधार तिथे आहे. यातलं काहीही नवी गणिती पद्धत शोधल्यामुळे घडलं नाही. कुणीतरी बिघाडाची प्रत्येक नोंद जपली आणि दुसऱ्या कुणीतरी ती प्रामाणिकपणे वाचली.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. आयआयटी दिल्लीत यंत्रांची झीज, त्यांची गतिकी आणि देखभाल यांसाठी वेगळं केंद्र उभं राहिलं. तिथल्या एन. टंडन यांनी ए. चौधरी यांच्यासोबत १९९९ मध्ये बेअरिंगचे दोष ओळखण्याच्या पद्धतींचा जो आढावा लिहिला, तो आजही जगभर वाचला जातो. आयआयटी खरगपूरच्या ए. आर. मोहंती यांचा कंडिशन मॉनिटरिंगवरचा अभ्यासक्रम घरबसल्या पाहून शिकलेले तंत्रज्ञ मला कारखान्यांत भेटतात. क्षमता नाही असं मुळीच नाही.

पुरस्काराच्या निकषांत मला जे हवंय ते सगळ्यात स्पष्टपणे हेलिकॉप्टरच्या गोष्टीत दिसतं. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवरून कामगारांना घेऊन येणारं चिनूक हेलिकॉप्टर शेटलँडमधल्या सम्बरा विमानतळाजवळ समुद्रात कोसळलं. ४५ माणसं गेली, दोघं वाचली. पुढच्या गिअरबॉक्समधल्या एका गिअरला तडा गेला होता. त्यानंतर हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सवर कायम सेन्सर ठेवून कंपनं नोंदवण्याच्या कामाला वेग आला आणि १९९१ पासून ही यंत्रणा उत्तर समुद्रात वापरात आली. तिने नंतर पुष्कळ दोष वेळेत पकडले. ज्यांनी ती उभी केली त्यांना मिळालेला प्रत्येक सन्मान योग्यच आहे.

पण गोष्ट तिथे संपत नाही. १ एप्रिल २००९ रोजी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ सुपर प्यूमा हेलिकॉप्टर कोसळून १६ जण मृत्युमुखी पडले. गिअरबॉक्समधल्या एका प्लॅनेट गिअरला तडा गेला होता. त्याआधी काहीच दिवस गिअरबॉक्समधल्या चुंबकावर धातूचा कण सापडला होता, पण त्याचा अर्थ नीट लावला गेला नाही. २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेत टुरॉय बेटाजवळ त्याच घराण्यातल्या हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर हवेतच सुटला आणि १३ जण गेले. पुन्हा प्लॅनेट गिअर. या वेळी तडा पृष्ठभागाच्या आतून वाढत गेला होता, कण फारसे सुटलेच नाहीत आणि निगराणी यंत्रणेने कसलाही इशारा दिला नाही. नॉर्वेच्या अपघात तपास मंडळाने २०१८ च्या अहवालात हे सगळं छापलं. आमच्याकडच्या साधनांना हा तडा दिसू शकत नव्हता, हे मोकळेपणाने लिहिलेलं वाचून मला त्या तपासकांविषयी फार आदर वाटला. फिरत्या प्लॅनेट गिअरच्या आतला तडा कसा ओळखायचा हा आज या क्षेत्रापुढचा खरा, अवघड, माणसांच्या जिवाशी जोडलेला प्रश्न आहे. तो प्रश्न नेमका मांडला गेला तो अपयशाच्या नोंदीमुळे. अशा नोंदीला आपल्या पुरस्काराच्या अर्जात कुठे जागा आहे?

म्हणून माझं म्हणणं असं आहे की कंडिशन मॉनिटरिंगमधला मोठा पुरस्कार पेपर छापल्यावर लगेच देऊ नये. चांगल्या पेपरला बक्षीस देण्याची सोय नियतकालिकांकडे असते, ती तिथे राहू द्या. व्यावसायिक संस्थेच्या पुरस्कारासाठी पद्धत निदान दोन-तीन वर्षं एखाद्या चालू कारखान्यात, खाणीत किंवा वीजकेंद्रात वापरलेली असावी. तिने दिलेले सगळे इशारे यादीत असावेत, खोटे ठरलेलेसुद्धा. जे बिघाड तिला दिसले नाहीत तेही असावेत. आणि जिथे मशीन उघडलं तिथला फोटो जोडलेला असावा. तरुण संशोधक इतकं थांबू शकत नाहीत, त्यांना नोकरी हवी असते, हे मला मान्य आहे. त्यांच्यासाठी वेगळा, लवकर मिळणारा पुरस्कार ठेवा, पण तो बिघाडाच्या खऱ्या नोंदी गोळा करून खुल्या करणाऱ्यांना द्या. केस वेस्टर्नच्या त्या खुल्या नोंदींनी या क्षेत्राला जितकं काम दिलं तितकं फार थोड्या पेपरांनी दिलं असेल. सिनसिनाटी विद्यापीठाने चार बेअरिंगं एका शाफ्टवर बसवून निकामी होईपर्यंत चालवली आणि त्या नोंदी नासाच्या माध्यमातून सगळ्यांना दिल्या. असं एक काम महाराष्ट्रातून व्हावं, खऱ्या कारखान्यातल्या बेअरिंगवर, अशी माझी फार इच्छा आहे.

दुसरं, हा पुरस्कार जोडीला द्यावा. एक संशोधक आणि एक बेअरिंग उघडणारा. आपल्या देशात शास्त्रज्ञांसाठी शांतिस्वरूप भटनागर यांच्या नावाची मोठी परंपरा आहे, आता राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आहेत. कामगारांच्या उपयुक्त सूचनांसाठी केंद्रीय कामगार मंत्रालयाने १९६५ मध्ये विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार सुरू केले. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत, पण त्या दोन वेगळ्या दालनांत होतात. मशीनच्या निगराणीत एकट्या संशोधकाचा निष्कर्ष अर्धवट राहतो, आणि फोरमनची वही कुणी वाचली नाही तर त्याच्या नोंदी त्याच्यापुरत्या राहतात. दोघांची नावं एका ताम्रपटावर आली तर महाविद्यालयाला कारखान्याचं गेट उघडून घ्यावंसं वाटेल, आणि कारखान्यालाही आत घ्यावंसं वाटेल.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे कंपन्या आपल्या बिघाडाची माहिती बाहेर देणार नाहीत. खासगी उद्योगांबाबत तो बराचसा खरा आहे. विमान वाहतुकीत तो चालत नाही, कारण तिथे अपघाताचा अहवाल छापावाच लागतो. आणि आपल्या सहकारी साखर कारखान्यांबाबत तर मला तो अजिबात पटत नाही. कारखाना सभासदांचा आहे. आयडी फॅनचं बेअरिंग कशाने गेलं हे शेजारच्या कारखान्याला कळलं तर साखरेचा भाव पडत नाही, उलट त्याचा बॉयलर बंद पडायचा वाचतो. शिवाय नोंदींची सवय तिथे आहेच. हंगाम संपल्यावर प्रत्येक कारखाना आरटी-८(सी) हा अहवाल भरतो. त्यात गाळप किती तास थांबलं, ऊस नव्हता म्हणून किती, यांत्रिक कारणाने किती, विजेच्या कारणाने किती, हे लिहावंच लागतं. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट दर वर्षी कारखान्यांना तांत्रिक कार्यक्षमतेचे पुरस्कार देते, आणि ते मिळावेत म्हणून कारखान्यांत खरोखर चुरस असते. ‘यांत्रिक कारण’ या दोन शब्दांच्या खाली नेमका कोणता भाग गेला, त्याआधी काही इशारा मिळाला होता का आणि उघडल्यावर काय दिसलं, एवढं जोडलं तर महाराष्ट्रातल्या कारखान्यांतून दोन-तीन हंगामांत जे जमेल, तसं संशोधकांना कुठल्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही. एकाच प्रकारची मशीन, वेगवेगळी गावं, वेगवेगळी देखभाल, आणि दर वर्षी ठरलेल्या वेळी सगळी मशीन उघडलेली.

यासाठी सरकारच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. फोटो काढायला फोन प्रत्येक फिटरच्या खिशात आहे. नोंदी एकत्र ठेवायला एखाद्या महाविद्यालयाची एक प्रयोगशाळा पुरेल. काढलेलं बेअरिंग भंगारात टाकण्याआधी कापून, रिंगेचा फोटो काढून, नंबर घालून ठेवायला एक कपाट लागेल. दोन कारखान्यांच्या चीफ इंजिनिअरांशी माझं बोलणं झालंय आणि दोघांनीही होकार दिलाय. येत्या ओव्हरहॉलिंगला आयडी फॅन, बॉयलर फीड पंप आणि मिलचे गिअरबॉक्स एवढ्यापुरतं सुरू करायचं ठरलंय. नोंदीच्या फॉर्मचा कच्चा आराखडा तात्यांनी त्यांच्या वहीवरून करून दिलाय, आणि ‘काही नाही’ हा रकाना त्यांनी पहिल्याच पानावर ठेवलाय.